'डॉग' म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

प्रश्न असा आला: इंग्रजी बोलणारे कुत्र्याला माणसाचा सर्वांत जवळचा मित्र म्हणतात, मग त्यांच्याच वाक्प्रचारांत तो सतत हाल खाणारा, हलका, टाकाऊ का असतो? कुणी 'यू लकी डॉग' म्हटलं तर हसायचं की चिडायचं? सोबत अडलेली चार वाक्यं होती. एका वाक्यात एक कंपनी 'गोइंग टू द डॉग्ज' होती, दुसऱ्यात एक माणूस कुणाच्या तरी पावलांना 'डॉग' करत होता, तिसऱ्यात एक खेळाडू 'अंडरडॉग' होता. चौथ्यात एक गृहस्थ भरल्या मैफलीतून उठतात आणि सांगतात की मला एका माणसाला कुत्र्याबद्दल भेटायचंय. हा कुत्रा मागच्या वीस पानांत कुठेच नव्हता, मग तो आला कुठून, असं विचारलंय.

बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय. या एका तीन अक्षरी शब्दाने मला जेवढं तोंडघशी पाडलंय तेवढं मोठमोठ्या शब्दांनीही नाही. म्हणून अर्थांची यादी देण्याऐवजी मी स्वतः काय करतो ते सांगतो. वाक्यात 'डॉग' दिसला की मी आधी विचारतो, हा कोणता कुत्रा? शिकारीचा, झुंजीचा, दारात साखळीला बांधलेला, उकिरड्यावरचा, आकाशातला, की लोखंडाचा? कुत्रा ओळखू आला की अर्थ बहुतेक वेळा आपणच समोर येतो. मांडीवर बसणारा लाडका कुत्रा या वाक्प्रचारांत जवळजवळ सापडतच नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

लोखंडाच्या कुत्र्यापासून सुरुवात करतो, कारण माझी फजिती त्यानेच केली. सुरुवातीच्या दिवसांत एका जुन्या इंग्रजी कथेचं भाषांतर हाती होतं. एका घराचं वर्णन चाललं होतं आणि वाक्य होतं, 'देअर वेअर टू ब्रास डॉग्ज ऑन द हार्थ.' मी लिहिलं, 'शेकोटीपाशी दोन पितळी कुत्रे बसले होते.' 'बसले होते' ही माझी स्वतःची भर, आणि तिचं मला कौतुकही वाटलं होतं. तीन पानांनंतर म्हातारा येतो आणि त्या 'डॉग्ज'वर एक ओंडका आडवा ठेवतो. मी तेही इमानेइतबारे उतरवलं. हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात संपादकांच्या पेन्सिलीने तीनच शब्द होते: 'कुत्र्यांवर लाकूड? का?'

भिंतीतल्या शेकोटीत लाकडं जमिनीपासून उचललेली राहावीत, खालून हवा लागावी, म्हणून ज्या दोन धातूच्या बैठका ठेवतात त्यांना इंग्रजीत 'फायरडॉग्ज' किंवा नुसतं 'डॉग्ज' म्हणतात. पायांवर शेकोटीपाशी मुकाट बसणारी वस्तू, म्हणून कुत्रा. दुरुस्ती करताना मी लिहिलं, 'शेकोटीत दोन पितळी घोड्या होत्या.' काहीतरी पेलून धरणारी बैठक म्हटली की मराठीला घोडी आठवते. बंदुकीचाही आपल्याकडे घोडा, इंग्रजीत मात्र तिथे कोंबडा आणि काही जुन्या बंदुकांत चक्क 'डॉग'. अवजारांना जनावरांची नावं दोन्ही भाषा देतात, पण जनावर निवडताना एकमेकींना विचारत नाहीत.

यंत्रशाळेतला 'डॉग' म्हणजे दातांनी पकडून ठेवणारा भाग. 'डॉग क्लच'मध्ये दोन तुकड्यांचे दात एकमेकांत अडकतात आणि फिरणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. रूळ स्लीपरला धरून ठेवणारा खिळा 'डॉग स्पाइक'. जहाजावरचा जलरोधक दरवाजा ज्या कड्यांनी आवळतात ती 'डॉग्ज', आणि आवळण्याच्या क्रियेलाही 'डॉग'च म्हणतात. 'डॉग द हॅच' असा हुकूम वाचून जहाजावर कुत्रा शोधू नका. धरलं की सोडत नाही, एवढा एकच गुण कुत्र्याकडून उचललाय.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातला 'डॉग' याच्या जवळचा. 'ही डॉग्ड हर स्टेप्स' म्हणजे तो तिच्या मागावर राहिला, पाठ सोडली नाही. हे क्रियापद सोळाव्या शतकापासून वापरात आहे. माणसाच्या मागे माणूस लागतो तसं संकटही लागतं: एखाद्या खेळाडूची कारकीर्द 'डॉग्ड बाय इंज्युरीज' असते, म्हणजे दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवलेला असतो. 'हात धुऊन मागे लागणं', 'ससेमिरा', 'शुक्लकाष्ठ' हे सगळे मराठी शब्द इथे चालतात, निवड प्रसंगावर. शुक्लकाष्ठ दुखापतींना शोभेल, पोलिसाला नाही.

उच्चाराचं एक इथेच सांगून टाकतो. क्रियापदाचा भूतकाळ 'डॉग्ड', एका दमात. त्याच स्पेलिंगचं विशेषण मात्र 'डॉगिड' असं दोन तुकड्यांत म्हणतात आणि त्याचा अर्थ चिवट, हार न मानणारा. 'डॉगिड डिटर्मिनेशन' ही स्तुती आहे. वर्षानुवर्षं वाचन करणारी माणसंही हे विशेषण मोठ्याने वाचताना 'डॉग्ड' म्हणतात. मीही म्हणायचो.

आता थोडं मागे जाऊ, कारण ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला सर्वसाधारण शब्द होता 'हुंड', आजच्या 'हाउंड'चा पूर्वज. जर्मनमध्ये आजही कुत्रा म्हणजे 'हुंट'च. 'डॉग'चं जुनं रूप 'डॉक्गा' लिखाणात फार क्वचित दिसतं, बहुधा दांडग्या, ताकदवान कुत्र्यासाठी असावं. ते आलं कुठून याचा पत्ता विद्वानांना अजून लागलेला नाही. 'पिग', 'फ्रॉग', 'स्टॅग' हेही असेच घरगुती वळणाचे शब्द, मूळ धूसर. सोळाव्या शतकापर्यंत या आडमुठ्या शब्दाने 'हुंड'ला सर्वसाधारण अर्थावरून हटवलं आणि 'हाउंड' शिकारी कुत्र्यापुरता उरला. फ्रेंच, जर्मन आणि डॅनिशने इंग्रजीकडून हा शब्द उसना घेतला तो मोठ्या, राखणीच्या जातींसाठी. म्हणजे शेजाऱ्यांच्याही नजरेत 'डॉग' हा धिप्पाडच होता.

हा बदल एका म्हणीत डोळ्यांनी पाहता येतो. 'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय', झोपलेल्या कुत्र्याला उठवू नका. चौदाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रज कवी चॉसरने हीच गोष्ट लिहिली तेव्हा त्याने 'हाउंड' शब्द वापरला. १५४६ साली जॉन हेवुडने म्हणींचा संग्रह छापला तेव्हा त्याच झोपलेल्या जनावराचं नाव 'डॉग' झालं होतं. मध्ये गेली दीडशेच्या वर वर्षं. कुत्रा मात्र तोच, दारात राखणीला ठेवलेला आणि अचानक जागा झाला तर चावणारा. मराठीत याला बरेच जण 'निजल्या सापाला डिवचू नये' असं करतात. मला साप थोडा जास्त होतो. मूळ म्हणीत जिवाची भीती नाही, कटकट ओढवून घेण्याची आहे. जुना वाद मिटलाय, वहीखात्यातली चूक कुणाच्या लक्षात आलेली नाही, तर गप्प राहा, इतकाच तिचा आवाका. 'नसती उठाठेव नको', 'विस्तव उकरू नकोस' यांनी काम भागतं.

हेवुडच्या त्याच संग्रहात 'हेअर ऑफ द डॉग'ही आहे, पूर्ण रूपात 'ज्या कुत्र्याने चावलं त्याचाच केस'. चावणाऱ्या कुत्र्याचा केस जखमेवर ठेवला की जखम बरी होते अशी जुनी समजूत होती. वाक्प्रचारात ती दारूवर गेली: रात्री जास्त झाली, सकाळी डोकं ठणकतंय, तर उतारा म्हणून आणखी एक घोट. 'काट्याने काटा काढणं' जवळ येतं, पण त्यात डावपेचाचा वास आहे, दारूचा नाही. संवादात आलं तर मी सरळ 'उतारा' शब्द घालतो. तोही मंत्रतंत्राच्या बाजूचा, त्यामुळे मूळ समजुतीची थोडी छटा फुकटात मिळते.

आता तो हाल खाणारा कुत्रा. 'अ डॉग्ज लाइफ' म्हणजे कुत्र्याचं जिणं, 'डाय लाइक अ डॉग' म्हणजे कुत्र्याच्या मौतीने मरणं, 'सिक ॲज अ डॉग', 'डॉग टायर्ड'. दोन भाषा इतक्या शब्दाला शब्द जुळण्याचं कारण उसनवारी नाही. दोन्हीकडच्या कुत्र्याचं नशीबच सारखं होतं. हे वाक्प्रचार घडले तेव्हा सामान्य माणसाचा कुत्रा उष्ट्यावर जगायचा, थंडीपावसात बाहेर निजायचा, काम संपलं की लाथ खायचा. 'गो टू द डॉग्ज'ची कल्पनाही तीच. जे माणसांच्या कामाचं उरलं नाही ते कुत्र्यांपुढे टाकायचं. तुमच्या वाक्यातली कंपनी रसातळाला चालली आहे, तिची वाट लागली आहे. संदर्भ मात्र सोडू नका. ब्रिटनमध्ये १९२६ साली मँचेस्टरला ग्रेहाउंडच्या शर्यती सुरू झाल्या आणि 'शनिवारी आम्ही द डॉग्जला गेलो' याचा तिथे सरळ अर्थ शर्यत बघायला गेलो असा होतो. तिथे बोलणाऱ्याची वाट लावू नका, तो नुसता पैज लावायला गेलाय.

जिवलग मित्राची प्रतिमा लोकप्रिय झाली ती बरीच उशिरा, आणि तिच्यामागे एक खटला आहे. अमेरिकेत मिझुरी राज्यात १८६९ साली 'ओल्ड ड्रम' नावाचा शिकारी कुत्रा शेजारच्या जमिनीवर गोळी घालून मारला गेला. मालकाने भरपाईचा दावा लावला. पुढच्या वर्षी वॉरेन्सबर्गच्या न्यायालयात त्याचे वकील जॉर्ज ग्रॅहम व्हेस्ट यांनी पुराव्याबद्दल फारसं न बोलता कुत्र्याच्या निष्ठेवर भाषण केलं: मुलं उलटतील, मित्र फिरतील, पैसा उडून जाईल, कुत्रा राहील. ज्यूरीने भरपाई दिली. व्हेस्ट पुढे सिनेटर झाले, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हे भाषण. म्हणी तोवर कित्येक शतकं जुन्या झाल्या होत्या. भाषणाने त्यांच्यात फरक पडला नाही.

'लकी डॉग'वर रागावू नका. पुरुषाने पुरुषाला, ओळखीत, थोड्या हेव्याने म्हणायचं ते: 'लेकाचा नशीबवान आहेस.' 'स्लाय डॉग' म्हणजे बेरका, आतल्या गाठीचा, 'ओल्ड डॉग' म्हणजे मुरलेला, 'सी डॉग' म्हणजे समुद्र कोळून प्यायलेला खलाशी. चारही ठिकाणी 'कुत्रा' लिहिलंत की भांडण सुरू होईल, कारण मराठीत माणसाला कुत्रा म्हणणं ही शिवीच आहे. लाडाने खडसावायला आपण गाढव राखून ठेवलंय. 'अरे गाढवा, आधी का नाही सांगितलंस' यात माया असू शकते, तिथे कुत्रा घातला की माया संपली. इंग्रजीतही ही मोकळीक फक्त पुरुषांपुरती. बाईला 'डॉग' म्हटलं तर ती कुरूप असल्याचा गलिच्छ शेरा होतो आणि कुत्रीसाठीचा शब्द तर उघड शिवी. अमेरिकी तरुणांच्या बोलण्यातला 'व्हॉट्स अप, डॉग' म्हणजे निव्वळ 'काय रे भावा'. तो बहुधा वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेला सापडेल.

वस्तूला 'डॉग' म्हटलं की ती भिकार: न चालणारा सिनेमा, न पळणारी गाडी. व्यवस्थापन शिकवणारे बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीची चार खणांची चौकट दाखवतात, त्यात बाजार वाढत नाही आणि त्यातला आपला वाटाही नगण्य, अशा धंद्याच्या खणाचं नाव 'डॉग्ज'. बिघडवून ठेवलेलं काम ब्रिटिशांच्या तोंडी 'डॉग्ज ब्रेकफास्ट' किंवा 'डॉग्ज डिनर'. एवढ्यावरून मालकी कुत्र्याची असली की वाईट, असा नियम बांधायला जाल तर फसाल. कुत्र्याच्या वृषणांचा उल्लेख असलेला एक ब्रिटिश वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ 'एकदम झकास'. सभ्य सभेत वापरू नका.

शिकारीचा कुत्रा पाहायचा तर 'बार्किंग अप द राँग ट्री' पाहा. अमेरिकेत रात्री रॅकूनची शिकार चालायची. कुत्रे वास काढत त्याला झाडावर चढायला लावायचे आणि शिकारी कंदील घेऊन पोचेपर्यंत बुंध्याशी वर तोंड करून भुंकत राहायचे. रॅकून अंधारात फांद्याफांद्यांवरून पलीकडच्या झाडावर सटकलेला असायचा. कुत्रा इमानदार, मेहनत खरी, झाड तेवढं चुकलं. म्हणूनच याला 'चोर सोडून संन्याशाला फाशी' मला पटत नाही, त्यात अन्याय आहे आणि मूळ वाक्प्रचारात तो नाही. 'साप साप म्हणून भुई धोपटणं' यात तर शिकारच नसते. माझा कल 'तुमचा रोख चुकतोय' किंवा 'भलत्याच दारावर थाप मारताय' याकडे.

'अंडरडॉग' झुंजीच्या रिंगणातून आला. एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांच्या झुंजी लावत, खाली दबला गेला तो 'अंडरडॉग' आणि वरचा 'टॉप डॉग'. मराठी क्रीडावृत्तांत याचा सरसकट 'दुबळा' होतो किंवा 'लिंबूटिंबू'. दोन्ही चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. अंडरडॉग हरेल असं सगळ्यांना वाटत असतं आणि तरी, किंबहुना म्हणूनच, बघणाऱ्यांचा जीव त्याच्याकडे ओढ घेतो. लिंबूटिंबू म्हणताना आपण हसतो, अंडरडॉग म्हणताना इंग्रजी प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. एका शब्दात हे मला आजवर साधलेलं नाही. 'कुणाच्या खिजगणतीत नसलेला' असं लांबलचक लिहून पुढच्या वाक्यात सहानुभूती भरून काढतो.

'डॉग ईट डॉग'चा प्रवास उलटा आहे. लॅटिन म्हण सांगते की कुत्रा कुत्र्याचं मांस खात नाही. इंग्रजीने 'नाही' काढून टाकला आणि उरली बेबंद स्पर्धा. 'बळी तो कान पिळी' इथे बसवतात, पण त्यात एक बलवान आणि एक दुबळा लागतो. इथे सगळे एकाच जातीचे, एकाच भुकेचे.

आकाशातला कुत्रा मला सगळ्यांत आवडतो. 'डॉग डेज' म्हणजे उन्हाळ्याचे तगमगीचे, सुस्तीचे दिवस. कुत्रे उन्हात धापा टाकतात म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण सिरियस हा तारा. बृहल्लुब्धक हा तारकासमूह म्हणजे लॅटिनमधला 'मोठा कुत्रा', त्यातला हा सर्वांत तेजस्वी तारा, म्हणून 'डॉग स्टार'. भूमध्य समुद्राकाठी तो ऐन उन्हाळ्यात पहाटे सूर्याच्या आगेमागे उगवायचा आणि त्याचीच धग सूर्याला मिळते अशी रोमनांची समजूत होती. आता गंमत बघा, याच ताऱ्याला आपण व्याध म्हणतो. ग्रीकांनी शेजारच्या नक्षत्रात शिकारी पाहिला आणि या ताऱ्यात त्याचा कुत्रा. आपण त्या शेजारच्या नक्षत्रात मृग पाहिला आणि या ताऱ्यात शिकारी. एका भाषांतरात 'श्वानदिवस' असा शब्द पाहिला होता. वाचकाला त्यातून ना ऊन लागतं ना तारा दिसतो. 'काहिलीचे दिवस' लिहा.

काळ्या कुत्र्यापाशीही असाच घोटाळा होतो. 'तिकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही' म्हणजे आपल्याकडे कुणीसुद्धा आलं नाही. इंग्रजीतला 'ब्लॅक डॉग' म्हणजे मनावर बसलेलं मळभ, खिन्नता. अठराव्या शतकात इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने हा शब्द स्वतःच्या उदासीसाठी वापरला आणि १९११ साली चर्चिलने बायकोला लिहिलेल्या पत्रात. 'द ब्लॅक डॉग इज बॅक' याचं भाषांतर करताना आपलं काळं कुत्रं दाराबाहेरच ठेवा.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगतो, कारण ते सगळे विचारतात. याची व्युत्पत्ती ठाऊक नाही. गवताच्या छपरात कुत्री-मांजरं राहायची आणि पावसात घसरून खाली पडायची, ही गोष्ट १९९९च्या सुमारास ई-मेलमधून जगभर फिरली, तिला आधार नाही. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली हा वाक्प्रचार छापला तो शिळ्या, गुळगुळीत झालेल्या सभ्य संभाषणाची टर उडवताना. म्हणजे तेव्हाच तो घासून झाला होता. आज इंग्रजी बोलणारी माणसं पाऊस कोसळत असताना 'इट्स पोअरिंग' म्हणतात, कुत्री-मांजरं बहुधा आपल्यासारखे परीक्षेला बसलेले लोकच पाडतात.

राहिले ते मैफलीतून उठणारे गृहस्थ. 'आय हॅव टू सी अ मॅन अबाउट अ डॉग' हे १८६६च्या एका नाटकात सापडतं. तिथेही एक पात्र नको असलेल्या माणसाला टाळायला हीच सबब सांगतं. इथे कोणता कुत्रा, हा माझा नेहमीचा प्रश्न चालत नाही, कारण कुत्रा नाही आणि भेटायचा माणूसही नाही. त्यांना लघवीला जायचं असेल, एक घोट घ्यायचा असेल किंवा तुमच्या गप्पांचा कंटाळा आला असेल. कारण सांगायचं नाही एवढंच ते सांगतायत, आणि ऐकणाऱ्यानेही पुढे विचारायचं नसतं. 'आलोच जरा' एवढं लिहा आणि त्यांना जाऊ द्या.